शाळेच्या वहीवर आपली सही



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, आणि उठता उठता मी विचारलं, "इथं शाळा व्यवस्थापन समितीत कोण कोण आहे?" अकरा जणी बसल्या होत्या. एकीचाही हात वर आला नाही. मग एका आक्कांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं, "अगं, तुझं नाव हाय की!" ती म्हणाली, "ते व्हय? गुरुजी मधून मधून वही पाठवतात. मी सही करून देते."

तिला हसू नका. मीही त्यातलीच. माझा मुलगा पहिलीत गेला तेव्हा पालकसभेत कुणीतरी माझं नाव सुचवलं, "ताई शिकलेल्या आहेत, त्यांना घ्या." पहिल्या वर्षात मी सात-आठ सह्या केल्या असतील. एक तर चुलीपुढं बसून, हाताचं पीठ पदराला पुसून केली. कशावर केली ते वाचलं नाही. मी बी. ए. झालेली, गटांच्या वह्या तपासणारी बाई! गटाच्या हिशेबात दहा रुपयांचा फरक आला तर मी बैठक उठू देत नाही. शाळेची वही मात्र न वाचता परत पाठवली.

म्हणून आज शाळेच्या पैशाबद्दल बोलू. जिल्हा परिषदेच्या शाळेला पैसा कुठून येतो, शाळा चांगली की वाईट हे कोण ठरवतं, आणि यात आपण कुठं आहोत.

सगळ्यात मोठा खर्च शिक्षकांच्या पगाराचा. तो राज्य सरकार करतं. आपल्याला वाटतं, आपण कुठं कर भरतो? पण साबणाची वडी घेतली तरी तिच्या किमतीत जीएसटी असतो. तो आपणच भरतो. तेव्हा शाळा फुकट आहे असं म्हणू नका. फी नाही एवढंच. पैसे आपण आधीच दिलेले आहेत.

दुसरी वाट समग्र शिक्षा योजनेची. ही २०१८ साली सुरू झाली. त्यात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. मुलांची पुस्तकं, गणवेश, शिक्षकांची प्रशिक्षणं, काही वर्गखोल्या यातून होतात. आणि यातूनच शाळेच्या हातात दरवर्षी थोडी रक्कम येते, तिला संयुक्त शाळा अनुदान म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण खडू, हजेरीपट, वीजबिल, बिघडलेला नळ, झाडू, छोटी दुरुस्ती, सगळं यातूनच भागवायचं असतं.

किती येतं? ते पटावर आहे. १ ते ३० मुलं असतील तर वर्षाला १० हजार रुपये. ३१ ते १०० मुलं असतील तर २५ हजार. १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार, आणि त्याच्या वर १ लाख. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो.

आमच्या वस्तीवरच्या शाळेचा पट तेव्हा २८ होता. म्हणजे वर्षाला १० हजार. महिन्याला ८३३ रुपये. आता आपल्या गटाचा हिशेब लावा. बारा बायका, महिन्याला शंभर रुपये बचत. वर्षाचे झाले १४ हजार ४००. आपल्या एका गटाची बचत त्या शाळेच्या वर्षाच्या अनुदानापेक्षा जास्त आहे! हे मी बैठकीत फळ्यावर मांडलं तेव्हा बायका गप्प झाल्या. एका मावशींनी विचारलं, "मग लाईटचं बिल कशातनं भरत्यात?" त्यातूनच. आणि बिल थकलं की मीटर जातो. मग आमदार साहेबांनी दिलेला टीव्ही कपाटात, आणि पोरं पंख्याविना.

पण याच आकड्यांकडं पुन्हा बघा. २८ मुलांना १० हजार, ३१ मुलांना २५ हजार. मधे फरक फक्त तीन मुलांचा. आमच्या वस्तीवरून तेव्हा पाच मुलं पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात होती. मी कुणाला नावं ठेवत नाही, आईबापाला वाटतं आपलं पोर पुढं जावं. फक्त ती गाडी सकाळी निघते तेव्हा तिच्याबरोबर शाळेचे १५ हजार रुपयेही जातात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

शिक्षक किती, हेही पटावरच. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन, ९१ पासून चार असं कोष्टक आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला जो पट असतो तो सरकारी नोंदणीत, म्हणजे यू-डायसमध्ये भरला जातो, आणि त्यावरून शिक्षकांची पदं ठरतात. त्याला संचमान्यता म्हणतात. गुरुजी त्या दिवसांत संगणकापुढून का उठत नाहीत, ते यामुळं.

इथं एक बारीक गोष्ट आहे आणि ती आपल्या हातातली आहे. संचमान्यतेत मूल धरताना त्याचं आधार शाळेतल्या नोंदीशी जुळलेलं लागतं. शाळेत 'ज्ञानेश्वरी' आणि आधारवर 'माऊली', किंवा जन्मतारीख एक दिवस पुढंमागं, की नोंद अडते. मूल रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, कविता म्हणतं, पण कागदावर ते मोजलं जात नाही. आमच्या शाळेत अशी चार मुलं निघाली. गुरुजींनी पालकांना तीनदा निरोप दिला होता. पण मजुरी बुडवून आधार केंद्रावर दिवस घालवायचा कोण? शेवटी गटातल्या दोघी एका शनिवारी चारही मुलांना आणि त्यांच्या आयांना घेऊन गेल्या. वडापावचा आणि जीपचा खर्च गटानं केला. मुलाचं आधार नाही म्हणून शाळेनं प्रवेश नाकारायचा नाही, हे मात्र लक्षात असू द्या. वयाचा दाखला नाही म्हणूनही नाकारता येत नाही.

पट घसरला की काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको. २०२३ साली कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेला जोडून समूह शाळा करायचा विचार पुढं आला. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ इथल्या शाळांचं उदाहरण त्यासाठी दिलं गेलं. मोठ्या शाळेत सोयी जास्त, हे खरं. पण आपल्याकडं मधे ओढा असतो, डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. सहा वर्षांची पोरगी तिकडं रोज कशी जाणार? पोरगा कसाबसा जाईल, पोरगी घरी राहील, धाकट्याला सांभाळायला. कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. हे अंतर पाठ करून ठेवा, ग्रामसभेत बोलताना उपयोगी पडतं.

आता समितीकडं येते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. आपल्या राज्यात ती १२ ते १६ जणांची. त्यातले ७५ टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा. मुख्याध्यापक सचिव असतात, म्हणजे त्यांनी नोंदी ठेवायच्या आणि बैठक बोलवायची. बैठक दर महिन्याला. शाळेच्या खात्यातून पैसे काढायचे तर अध्यक्षांची आणि मुख्याध्यापकांची, दोघांची सही लागते.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की गुरुजी माझ्याकडं वही का पाठवत होते. माझ्या सहीशिवाय त्यांचं काम अडत होतं. मी समजत होते मी त्यांच्यावर उपकार करतेय!

मग पुढच्या महिन्यात वही आली तेव्हा मी सही केली नाही. पोराच्या हाती निरोप दिला, "बैठकीला येऊनच करते." मला धाकधूक होती. गुरुजींना वाटेल ताई संशय घेतात. पण गुरुजी दुसऱ्या दिवशी स्वतः दारात आले. म्हणाले, "ताई, बैठक लावतो की. पण कुणी येत नाही हो. मी तीनदा लावली, दोघंच आले. आणि अकरा वाजता लावली तर बाया रानात, संध्याकाळी लावली तर मला गावाला जायचं असतं." त्यांचंही खरं होतं. दोन शिक्षक, पाच इयत्ता, वर निवडणुकीचं काम, वर रोजची ऑनलाईन माहिती. आम्ही ठरवलं, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, शाळा सकाळची असते तेव्हा, सुटल्यावर अर्धा तास. आणि त्याच दिवशी तिथंच आमच्या गटाची बैठक. एकदा घरातून निघालं की दोन्ही कामं उरकतात.

पहिल्या बैठकीत आम्ही फक्त एक मागणी केली. जमाखर्च मोठ्यानं वाचून दाखवा, आपल्या गटात वाचतो तसा. मागची शिल्लक, आलेले पैसे, खर्च कशावर, पावती कुठं. पावत्या होत्या, सगळ्या होत्या. चोरी शोधायला गेल्यासारखं जाऊ नका, हे मी मुद्दाम सांगते. आम्हाला जे दिसलं ते वेगळंच होतं. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये आले होते आणि ३१ मार्चच्या आत खर्च करायचे होते. हल्ली शाळेच्या खात्यात रक्कम पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा मिळते, आणि वर्ष संपलं की उरलेली मर्यादा परत जाते. काय हवं हे आधी ठरलेलं नसेल तर घाईत जे मिळेल ते घेतलं जातं. आमच्याकडं आदल्या वर्षी अशा घाईत रंग घेतला होता. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नव्हती. कडी कितीची येते? मुली दोघी-दोघी जायच्या, एकीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. समितीत निम्म्या बायका आहेत, पण बैठकच नव्हती तर हे बोलणार कोण?

यासाठीच कायद्यात शाळा विकास आराखडा सांगितला आहे, कलम २२. तो समितीनं करायचा, तीन वर्षांचा, दर वर्षाचे टप्पे पाडून. नाव मोठं आहे पण काम आपल्या बाजाराच्या यादीसारखं. शाळेतून एक चक्कर मारा. छप्पर गळतं का, पाणी कुठून येतं, हात धुवायला नळ किती, स्वयंपाकाच्या खोलीत धूर कोंडतो का. लिहून काढा आणि प्रत्येकापुढं लिहा, हे कुणी करायचं.

हे "कुणी करायचं" फार महत्त्वाचं आहे. कडी, बल्ब, झाडू शाळेच्या अनुदानातून होईल. छप्पर आणि खोली जिल्हा परिषदेचं काम, त्यासाठी समितीचा ठराव घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज करायचा आणि पोच घ्यायची. पाणी, शौचालय, हात धुवायची जागा, सांडपाणी यासाठी ग्रामपंचायतीकडं जा. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा २०२१-२२ पासून ग्रामपंचायतींना आला, त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. उरलेला अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. ग्रामसेवकांना हे दोन शब्द विचारले की ते सरळ बसतात, माझा अनुभव आहे. पण काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात असेल तरच होतं. म्हणून आराखडा बनतो तेव्हा बोलायचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथं शाळेचा ठराव लिहून घ्या. वर्षाला चार ग्रामसभा होतात, चार वेळा संधी आहे.

गणवेशाचं एक सांगते, ते आपल्या गटांशी जोडलेलं आहे. दोन जोडांना मुलामागे ६०० रुपये धरलेले असतात. २०२४ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आलं, तेव्हा राज्यभरातलं शिवणकाम बचत गटांकडं दिलं गेलं. आपल्या बायांना आनंद झाला होता. पण कापड उशिरा, मापं एकाची कपडे दुसऱ्याला, पावसाळा सरला तरी कित्येक मुलं जुन्या कपड्यांत. वर्षअखेरीस निर्णय फिरला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम परत शाळा समितीकडं आलं. माझ्या मते हेच बरं. आपल्या शाळेतल्या तीस पोरांची मापं आपल्या गटातली शिवणारी एका दुपारी घेईल. पण त्यासाठी समितीच्या बैठकीत दर सांगावा लागेल, तोही जूनच्या आधी.

आता शाळेला गुण कोण देतं? 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान तुम्ही ऐकलं असेल. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२४ साली, १५० गुण होते. पायाभूत सुविधांना ३३, सरकारी उपक्रम राबवण्याला ७४, आणि मुलांच्या शिक्षणाला ४३. बक्षीस राज्यात पहिल्या शाळेला ५१ लाख. अभियानामुळं अनेक शाळा स्वच्छ झाल्या, परसबागा झाल्या, ते मान्य. पण हे ७४ आणि ४३ मला खटकतात. ज्या कामासाठी मूल शाळेत जातं त्याला तिसऱ्या हिस्स्याहून कमी गुण.

दुसऱ्या पाहण्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राची परख पाहणी झाली, तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची. ती काही निवडक शाळांत होते. त्यातून जिल्हा कुठं आहे ते कळतं, आपली शाळा कुठं आहे ते नाही. 'असर' नावाची पाहणी घरोघरी जाऊन होते. तिच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी तेवीस-चोवीसच मुलं दुसरीचा धडा नीट वाचू शकत होती. २०२२ मध्ये सोळाच होती, म्हणजे सुधारणा आहे. पण बाकीची शहात्तर?

असरची पद्धत इतकी सोपी आहे की आपण घरी करू शकतो. आधी अक्षरं, मग शब्द, मग चार सोप्या ओळी, मग छोटी गोष्ट. तिसरीतल्या मुलापुढं दुसरीचं बालभारती ठेवा, त्यानं पाठ केलेला धडा सोडून दुसरा उघडा. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर नको, आणि अडखळलं तर रागावू नका. आमच्या माता पालक गटातल्या आयांनी हे करून पाहिलं. तिसरी ते पाचवीतली चौदा मुलं. आठ जणांनी सरळ वाचलं. चार शब्दाशब्दाला थांबत होती. पाचवीतली दोन मुलं अक्षरांवर होती. भिंतींवर आमच्या म्हणी, पाढे, नकाशे, सगळं रंगवलेलं, आणि त्या भिंतीखाली बसून दोन मुलं पाच वर्षं गप्प. त्यातल्या एकाची आई समितीची सदस्य होती. ती स्वतः निरक्षर, पोरगा पुस्तक धरून बसलेला दिसला की अभ्यास चालला असं समजायची.

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पण नाकारलं नाही. आता ती सहा मुलं रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबतात. गटातली बारावी झालेली सून त्यांच्याजवळ बसते. आम्ही तिला पैसे देऊ शकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वर्गणीबद्दल थोडं कडू बोलते. लोकसहभागानं शाळा उभ्या राहतात हे खरं आहे. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडायच्या बेताला आली होती. गावानं आणि शिक्षकांनी ती उभी केली, आणि २०२५ मध्ये तिला जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार मिळाला. अभिमान वाटतो. पण सगळ्या गावांजवळ कारखाने नाहीत, शहरात गेलेले पैसेवाले नाहीत. आमच्याकडं एकदा छपरासाठी घरटी पाचशे रुपये ठरले. एका विधवा वहिनींनी गटातून कर्ज काढून दिले, कारण "माझ्या लेकराला कुणी बोलायला नको." त्या दिवशी मी ठरवलं, जे जिल्हा परिषदेचं काम आहे त्याला बायांकडून वर्गणी नाही. श्रम द्या, वेळ द्या, परसबागेला शेणखत द्या. छपरासाठी अर्ज द्या. आमचा छपराचा अर्ज दोन पावसाळे पडून आहे. पोच माझ्याकडं आहे, आणि दर ग्रामसभेत मी ती वाचून दाखवते.

पिवळ्या गाडीतली दोन मुलं यंदा परत आली. एक अंगणवाडीतलं पहिलीत आलं. पट ३१ झाला. पण त्यातल्या दोन बहिणी दिवाळी झाली की आईबापाबरोबर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तीही समितीमार्फतच चालते. ठराव केला आहे. मुलींची आजी म्हणते, "मी सांभाळीन, पण थोरलीला पाणी आणायला मी एकटीनं नाही पाठवायची." तेव्हा या शनिवारी बैठकीत नळाचा विषय आधी घेणार आहे.